फक्त ३ पाकिटं शिल्लक

४ फेब्रु., मंगळ.
डोकं फिरलंय. महिनाभर खपून कडक भाकरी, शेंगाचटणीच्या ऑनलाइन बाजाराची सगळी पानं मी डिझाइन केली. आज आमचे मालक शिरीष सर म्हणतात, "वैशाली, छान आहे, पण खऱ्या बाजारासारखं वाटत नाही. घाई पाहिजे, ओढ पाहिजे." म्हणजे काय, तर प्रत्येक मालाखाली लाल पट्टी: फक्त ३ पाकिटं शिल्लक. माल चाळीस असो नाहीतर चारशे!

म्हटलं, सर, हे खोटं आहे. तर म्हणे, "बाजारात बाया म्हणतातच की, शेवटची जुडी राहिलीय!"

अहो, पण तिथं टोपली समोर दिसते की गिऱ्हाइकाला! ओठांवर आलेलं गिळलं. पट्टी केली. वर रंगही चांगला निवडला, शहाणीनं.

६ फेब्रु.
ॲप सुरू. पहिला मान मंगळवेढ्याच्या महादेवी अक्कांच्या भाकरीला, ४० पाकिटं. माझाच हट्ट. फोटो काढायला गेले होते तेव्हा त्यांनी भाकरी मोडून आधी तुकडा हातावर ठेवला. "आदी खा, मग फोटू काड." चाखवल्याशिवाय विकायचं नाही, ही त्यांची रीत. म्हणून मी चवीचं छोटं पाकीट ठेवलं होतं. सरांनी उडवलं. चव नको, पट्टी हवी. वा रे बाजार!

११ फेब्रु.
पाच दिवसांत चार पाकिटं गेली. छत्तीस पडून. पट्टी तीनच सांगतेय. सर खूश, "लोक पानावर किती वेळ थांबतायत बघ!" थांबून काय करायचंय? खातंय कोण?

१३ फेब्रु.
अक्का ऑफिसात! सुनेला घेऊन, यष्टीनं, दोन पोती भरून भाकरी. शंभर पाकिटं.

सुनेनं मोबाइलवर दाखवलं म्हणे, तीनच राहिलीत. "जीव लई वरखाली झाला बग. एवढ्या लांबचं गिऱ्हाईक, रिकामं जाया नको. शेजारच्या दोघी ज्वारीच्या काढणीला निगाल्या हुत्या, त्यास्नी मागं फिरवलं. चार दिस चूल इझू दिली न्हाय." मनगटावर भाजल्याचा ताजा डाग. फोन का नाही केला, विचारलं. "तुमीच लिवलंय की. आनी काय इचारायचं?"

विकणारीच फसली! कुठल्या गिऱ्हाइकाला गंडवायला निघालो आणि कुणाची चार दिवसांची मेहनत मातीत घातली.

सर बाहेर आले, हात जोडले. "वा अक्का, जोरात!" मला बाजूला घेऊन, "उतरवून घे. काही बोलू नकोस." तिथंच सगळं सांगून टाकायला हवं होतं मी. आणि केलं काय? चहा मागवला. पोती मोजून पावती दिली. लाज वाटतेय लिहायला.

१४ फेब्रु.
सर पुण्याला. दहा वाजता पट्टी काढली. प्रत्येक मालाखाली खरा आकडा टाकला. अक्कांचा १३६. शेजारच्या टेबलावरची रेश्मा म्हणाली, "नोकरी जाईल गं." जाईल. घरात कमावती मी एकटीच. भीती वाटतेय, उगाच शूरपणा कशाला लिहू.

मग अक्कांना फोन. सगळं सांगितलं.

"म्हंजी चारच गेली?"

"हो."

मागून सुनेचा आवाज, काय झालं, काय झालं.

"त्या दोघीस्नी काय सांगू गं आता? काढणीचं काम दुसऱ्या बायांनी धरलं की."

शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"कुनी लिवलं हुतं ते, तीनच म्हनून?"

सरांनी सांगितलं, मी फक्त... हे सगळं जिभेवर तयार होतं.

"मी लिहिलं, अक्का."

मग, "सोमवारी पोती न्यायला येते."

"राहू द्या ना इथंच. खरं सांगून विकते मी."

"तू?"

एवढंच म्हणाल्या. फोन ठेवला.

सरांचे तीन कॉल येऊन गेलेत, उचलले नाहीत. आकडा अजून १३६.