अस्वल घरी जाऊन झोपलं

रविवार, ९ फेब्रुवारी
दुपारचे तीन

प्रिय भोपळ्या,

अनेक आशीर्वाद. अडुसष्टाव्या वर्षी भोपळ्या म्हणवून घेणं तुला आवडणार नाही, पण माझ्या लेखणीला तुझं दुसरं नाव येत नाही. गुडघे काय म्हणतात? मी बरा आहे. चष्म्याचा नंबर वाढला. दाढी करताना शाळेतल्या कविता म्हणायची खोड तशीच आहे. नात मला ‘बटण नसलेला रेडिओ’ म्हणते. ताईचं पुढे लिहितो. फोन तू उचलत नाहीस, म्हणून पत्र.

परवा नातीनं मला सिनेमाला नेलं. आपल्या दिवेवाल्या अस्वलावर सिनेमा निघालाय. आठवतं ना? खालचा शिंपी साप्ताहिक घ्यायचा आणि वाचून झालं की शेवटचं पान आपल्याला द्यायचा. चार चौकटी. खांद्यावर शिडी घेऊन गल्लीतले दिवे लावत फिरणारं अस्वल, आणि दर आठवड्याला नवा घोटाळा. तुला अजून अक्षरओळख नव्हती. मी वाचायचो आणि तू माझ्या कोपराखालून डोकं घालून चित्रं बघायचास.

पडद्यावरचं अस्वल एवढं मोठं होतं की त्याच्या नाकावरचे केस मोजता आले असते. आपलं म्हणजे शाईचे पाचसात फटकारे. आवाजही भारदस्त दिलाय. माझं अस्वल कायम सर्दी झाल्यासारखं बोलायचं. तरी पहिला दिवा लागला आणि मी चष्मा काढून डोळे पुसायला लागलो. नातीनं कागदी रुमाल पुढे केला. त्याला आधीच पॉपकॉर्नचं लोणी लागलेलं होतं, पण भावना पोचली.

शेवटी अस्वल सगळ्यात उंच दिवा लावायला शिडीवर चढतं. धुकं येतं. धुकं विरतं तेव्हा दिवा जळत असतो, शिडी असते, अस्वल नसतं. ते परत येत नाही. पाठीमागे कुणीतरी नाक ओढत होतं. नातीनं माझ्याकडे पाहिलं. तिलाही मी ही गोष्ट लहानपणी सांगितली होती, माझ्या शेवटानिशी.

बाहेर आल्यावर ती म्हणाली, “आजोबा, तुम्ही तर म्हणायचात ते घरी जाऊन झोपतं.”

मी म्हटलं, तू लहान होतीस.

“आता बारा वर्षांची आहे. मग कधी सांगणार होतात?”

भोपळ्या, साप्ताहिकातही असंच होतं. शेवटच्या चौकटीत रिकामा रस्ता होता आणि खाली लिहिलं होतं की अस्वल पुन्हा कुणाला दिसलं नाही. तू विचारलंस, अस्वल कुठंय? मी म्हटलं, घरी जाऊन झोपलंय, म्हणून तर रस्ता रिकामा. तू खूश झालास, जेवलास. शाळेतही कवितेचा शेवट रडका असला की मी माझी ओळ जोडून म्हणायचो. मास्तरांनी त्यापायी तळहातावर पट्टी मारली, पण खोड गेली नाही.

आईच्या वेळी तुला लिहिलं ते याच खोडीतून. ‘आई बरी आहे, हातातलं काम संपव, सावकाश ये.’ त्या दिवशी तिनं पाणीसुद्धा नको म्हटलं होतं. मला वाटलं, तेवढीच तुझी काळजी टळेल. तू आलास तेव्हा तिला जाऊन तिसरा दिवस होता. तिच्यासाठी आणलेली शाल तुझ्या हातात होती. तू ओरडला असतास तर मला सोसलं असतं. तू एवढंच म्हणालास, “दादा, मला ठरवू द्यायचं होतंस.” त्याला नऊ वर्षं झाली. या नऊ वर्षांत मी मनात शंभर सबबी रचल्या. एकही टिकली नाही. चूक माझी होती.

आता ताईचं.

तिच्या पोटात गाठ आहे. दिवाळीआधीपासून दुखत होतं, तिनं अंगावर काढलं. डॉक्टरांनी तपासण्या दोनदा केल्या. ऑपरेशनची वेळ गेली म्हणाले. महिना, फार तर दीड. तुला कळवायचं नाही अशी तिनं मला शपथ घातलीय. “गुडघे धरत कशाला येईल तो, आणि तुझ्याशी बोलतो तरी कुठे,” म्हणाली. नंतर दिवसभर तुझ्याबद्दलच बोलत होती. तू तिची वेणी खुर्चीच्या पायाला बांधली होतीस, ते सांगून हसली आणि हसताना दुखलं म्हणून मलाच रागावली.

शपथ मी मोडतोय. ती चिडेल, चिडू दे.

माझ्याशी बोलायला हवं असं नाही. तू असेपर्यंत मी बाहेरच्या खोलीत बसेन. यायचं की नाही, ते तू ठरव. औषधामुळे ती बराच वेळ झोपेत असते. सकाळी नऊ ते अकरा जागी असते, तेव्हा माणसं ओळखते. पुढच्या आठवड्यात ओळखेल की नाही, मला सांगता येत नाही.

तुझा,
दादा