काळ्या खिडकीतला कारभार

जयेंद्रगंज, लश्कर, ग्वाल्हेर

श्री. सदाशिवराव यांस गोपाळकृष्णाचा मनापासून नमस्कार. तुमचा गुडघा कसा आहे, आणि वहिनींनी तुमची साखर (चहातली आणि रक्तातली, दोन्ही) आटोक्यात ठेवली आहे का, ते कळवावे. आम्ही उभयता धडधाकट आहोत. तुमच्या भगिनीची तब्येत तर इतकी उत्तम आहे की मला हल्ली माझीच काळजी वाटते. या सगळ्याचे मूळ तुमचे चिरंजीव आहेत, म्हणून तक्रार थेट तुमच्याकडे.

यशोधन दिवाळीला पुण्याहून आला, तो आपला जुना लॅपटॉप आत्यासाठी घेऊन आला. मी त्यावर कसलासा प्रोग्राम इंटरनेटवरून उतरवून घेत होतो. (एका पानावर चार हिरवी बटणे असतात. त्यांतली तीन दाबली की भलतेच काहीतरी घरात शिरते आणि चौथे सापडेपर्यंत माणूस थकतो.) ते पाहून तो असा हसला, की जणू मी पंगतीत डाव्या हाताने श्रीखंड चाटत होतो. असे आता कोणी करत नाही म्हणाला. त्याने पॅकेज मॅनेजर नावाची वस्तू बसवून दिली. एक काळी खिडकी उघडायची, तीत एक ओळ टाइप करायची, की हवा तो प्रोग्राम आपला आपण येऊन बसतो. मी विचारले, कंपनी कुठली? तर कंपनी नाही. जगभरातले लोक आपापली नोकरी सांभाळून हे चालवतात. प्रत्येक प्रोग्रामसाठी कोणीतरी एक छोटी कृती लिहून ठेवलेली असते, तो कुठून आणायचा, कसा बसवायचा याची. नवी आवृत्ती आली की कोणीतरी ती कृती सुधारतो. मी विचारले, पण त्यांच्यावर साहेब कोण? तो म्हणाला, कोणी नाही. सदाशिवराव, मी जन्मभर सरकारी नोकरी केली. आमच्याकडे पंख्याचा आवाज येतो हे सांगायलाही वरिष्ठांची सही लागे. मला तिथेच घेरी आली.

यशोधन परत गेला आणि इकडे आमच्या मंडळाच्या स्नेहसंमेलनाची स्मरणिका तुमच्या भगिनीच्या, दुर्गाच्या, गळ्यात पडली. (मंडळात काम कसे वाटतात ते तुम्हाला ठाऊक आहे. सभेत सगळे खाली बघतात, आणि जो नेमका त्या वेळी चष्मा पुसायला मान वर करतो त्याला सर्वानुमते निवडतात.) अध्यक्ष संभाजीराव यांची अट एकच, त्यांचा फेट्यातला फोटो पूर्ण पानभर हवा. पणजोबा फौजेत होते, त्यामुळे संभाजीराव आम्हाला हुकूमच देतात, आणि ऐन रंगात आले की मराठी सोडून हिंदीत देतात. इथल्या खासगी बाजार नावाच्या पेठेतल्या छापखान्यालाही घाई होती, कारण पुढे लग्नपत्रिकांचा हंगाम. पाने जुळवायचा प्रोग्राम घ्यायला दुर्गाने काळ्या खिडकीत ओळ टाइप केली. उत्तर आले, की आलेल्या फाईलचा ठसा (फाईल तीच, न बदललेली आहे ना, हे पडताळायची लांबलचक खूण) कृतीतल्या ठशाशी जुळत नाही, सबब बसवणार नाही. प्रोग्राम बनवणाऱ्यांनी मूळ फाईल बदलली होती आणि कृतीत जुनाच ठसा राहिला होता, एवढीच गोष्ट. पण मला ते इंदरगंजच्या चौराह्यावर हवालदाराने अडवल्यासारखे वाटले.

तिथे तक्रार लिहायची सोय असते. मी लिहिली. चांगली खरमरीत इंग्रजीत लिहिली, की येथील प्रमुखाचे नाव व हुद्दा तत्काळ कळवावा. तासाभरात फिनलंडमधल्या कुणा गृहस्थाचे उत्तर आले. प्रमुख कोणी नाही, आम्ही मोजके लोक आहोत, आज सगळे कामावर आहेत. दुरुस्ती दोन ओळींची आहे, ती तुम्हीच करून पाठवलीत तर आम्ही तपासून घेऊ. म्हणजे बघा, नळाला पाणी नाही म्हणून ओरडावे आणि पालिकेने आपल्याच हातात पाना द्यावा. मी माझ्या सेवेचा समग्र इतिहास, बढत्यांसह, लिहून पाठवला. त्यांनी ती चर्चा विषयांतर म्हणून कुलूपबंद केली. माझ्या आयुष्यात मला बोलताना कोणी कुलूप घातलेले नाही (दुर्गा खोलीतून निघून जाते, ती गोष्ट वेगळी).

मी अपमानाने पाय आपटत गच्चीवर फेऱ्या मारत होतो, तेवढ्यात तुमच्या भगिनीने यशोधनला फोन करून रीत विचारली, त्या दोन ओळी बदलल्या आणि पाठवूनही दिल्या. फिनलंडकराने एक स्वल्पविराम सुधारायला सांगितला, तिने सुधारला, त्याने आभार मानून दुरुस्ती स्वीकारली. स्मरणिका वेळेवर निघाली. फेट्याचा तुरा पानाच्या बाहेर गेला, पण तो तसा प्रत्यक्षातही जातो.

इथे थांबले असते तर मी पत्र लिहिले नसते. तिने आणखी दुरुस्त्या पाठवल्या, तिची नजर त्या लोकांना आवडली, आणि आता इतरांनी पाठवलेल्या दुरुस्त्या तपासून मंजूर करायचे काम तिच्याकडे आहे. सकाळी पोहे होतात, पण त्याआधी ब्राझीलमधल्या कुणाचे तरी घोळ निस्तरून होतात. संभाजीराव हे ऐकून मुद्दाम घरी आले. म्हणाले, "वहिनी, ये तो बड़ी बात है. पण पद काय म्हणायचं तुमचं?"

"पद नाही," दुर्गा म्हणाली, "काम आहे."

संभाजीराव चहा निववून प्यायले. आमच्या मंडळात हे नेमके उलटे असते, आणि ते त्यांना प्रथमच कोणी घरात बसवून, बिस्किटे पुढे करून सांगितले होते. मला मनातून फार आनंद झाला. कोषाध्यक्ष मीच आहे, हे नंतर आठवले.

असो. असला निर्नायकी कारभार टिकणार नाही, हे माझे मत मी नोंदवून ठेवतो. थोरांना नमस्कार, धाकट्यांना आशीर्वाद, यशोधनला जे योग्य वाटेल ते द्यावे.

तुमचा मेहुणा,
गोपाळकृष्ण

ता. क. मीही त्या कारभारात एक दुरुस्ती पाठवली आहे. तिथे प्रत्येक प्रोग्रामची ओळख एका ओळीत, तीही रुक्ष, लिहिलेली असते. मी स्मरणिकेच्या प्रोग्रामसाठी तीन परिच्छेदांची ओळख लिहिली, आरंभी सुभाषितासह. ती तपासणीला दुर्गाकडेच गेली. तिने 'लांब आहे, कापावे' असा शेरा मारून ती परत केली. आम्ही एकाच टेबलावर जेवतो, तरी शेरा लेखी. मी न कापता पुन्हा पाठवली आहे. तुम्ही थोरले बंधू, तुमचा शब्द ती खाली पडू देणार नाही. एक फोन करावा. मी लिहिल्याचे बोलू नये.

आणखी एक. यशोधनचीही एक दुरुस्ती तिच्याकडे पडून आहे आणि रांगेत तो माझ्या पुढे आहे. फोनवर आहातच, तर तेवढे मागेपुढे होते का पाहावे. मुलगा तरुण आहे, थांबेल.