डबीतला हिरवा डाग

चिरंजीव धाकट्यास,

उठल्यावर तुला काचेच्या कपाटात तीर्थरूप बाबांचे नाणे दिसणार नाही. घाबरू नकोस. जुन्या धातूंवर उपचार करणाऱ्या, चौकापलीकडच्या गृहस्थांकडे मी ते घेऊन गेलो आहे.

बंद डबीत असूनही नाण्यावरचा हिरवा डाग पसरतोच आहे. आधी तो कडेला होता, आता नाण्यावरच्या जहाजाच्या शिडापर्यंत पोहोचला. काल विचारले तेव्हा गृहस्थ म्हणाले, "डबी फोडल्याशिवाय मला हात लावता येणार नाही, आणि फोडली की नाणी पारखणाऱ्या तपासनीसांनी डबी सीलबंद करून दिलेली श्रेणी गेलीच म्हणून समजा." ती श्रेणी मिळाली तेव्हा तू डबी घेऊन गल्लीभर फिरला होतास, हे मी विसरलेलो नाही. परंतु बाबांनी आपल्या स्वाधीन केले ते नाणे, श्रेणी नव्हे.

पूर्वी ते प्लास्टिकच्या पाकिटात ठेवले, त्याचाच हा परिणाम, असे गृहस्थ म्हणतात. पाकीट कोणाचे, हे मी सांगितले नाही. तू कपाटात डबी पालथी ठेवू लागलास, तेव्हाच मला कळले की डाग तुलाही दिसला आहे.

तुझ्या वहिनीने बजावले आहे, "भावजींना वगळून फोडलीत, तर संध्याकाळचा चहा शेजारी मागा." म्हणून दुपारपर्यंत थांबतो. आलास तर तुझ्या हाताने फोड. न आलास तर मी फोडीन, यात आता बदल नाही.

माझा चष्मा मात्र खिडकीतच ठेवून जात आहे; येताना तेवढा घेऊन ये.

– दादा