गार बोनेट

आबा, आज धुळ्यात एका जुन्या गाडीच्या बोनेटवर हात ठेवला, तर ते कोमट लागलं, आणि तुम्ही आठवलात. जळगावहून पहिल्या एसटीने निघून मी सांगितलेल्या वेळेच्या बराच आधी पोहोचलो होतो, तरी डीलरने इंजिन चालू करून तापवून ठेवलं होतं. गार इंजिन सुरू करताना किती धूर निघतो हे गिऱ्हाइकाला दिसू नये, म्हणून असं करतात. शाळा सोडल्यापासून मी दुसऱ्याच्याच गाड्या चालवल्या. ही पहिली स्वतःची. साठवलेलं सगळं तिच्यात जाणार होतं. फसलो असतो तर पुन्हा दुसऱ्याचीच चावी मागावी लागली असती.

पाचोऱ्याकडच्या बैलबाजाराला तुम्ही मला आदल्या संध्याकाळीच न्यायचात. थंडीत पहाटे उठवायचात, आणि आपण एकाच घोंगडीत बैल उठायची वाट पाहत बसायचो. विकणारा शिंगं रंगवतो, अंगाला तेल चोळतो, पण रात्रभर बसलेल्या बैलाला उठताना दुखरा गुडघा लपवता येत नाही. "बैल उठस तवयच खरा समजस, पोऱ्या," तुम्ही म्हणायचात. आणि दुसरा नियम, की बैल कितीही पसंत पडला तरी त्याच्या मानेवरून हात फिरवायचा नाही. हात फिरला की विकणारा भाव सोडत नाही.

मी डीलरला म्हणालो, गाडी गार होऊ द्या, मी थांबतो. त्याने गाडी निंबाच्या सावलीत लावली आणि दोनदा चहा पाजला. तोवर मी दारांच्या फटी बोटाने चाचपल्या, मॅट उचलून खाली गंज किंवा पुराचा गाळ आहे का ते पाहिलं, गाडी कधी खोलली होती का ते कळावं म्हणून नटांवर पान्याचे ओरखडे शोधले. मागचं डावं दार नंतर रंगवलेलं निघालं. म्हैस घासून गेली होती, सांगायचं राहिलं, असं तो म्हणाला. मी गाडीखाली आडवा झालो तेव्हा वरून आवाज आला, "भाऊ, गाडी पाहून राहिले का पोरगी?"

"पोरगी पाहायला एवढा वेळ नाही लागत, शेठ," मी खालूनच म्हणालो.

दुपार कलली. बोनेट हाताला गार लागलं. त्याला चावी फिरवायला सांगून मी मागे सायलेन्सरपाशी पांढरा रुमाल धरून बसलो. गाडी पहिल्याच झटक्यात सुरू झाली आणि रुमाल पांढराच राहिला! मग पारोळ्याच्या रस्त्याला चालवून पाहिली. स्टेअरिंग क्षणभर सोडलं, तरी सरळ चालली. मला हसू आवरेना, पण तिथेही मी खिडकीबाहेर तोंड करून हसलो, डीलरला दिसू नये म्हणून.

आता गाडी आपल्या दारात उभी आहे. मायने तिला हळदीकुंकू लावलं. मी आत बसून हे लिहितोय. टपालात टाकायचं नाहीच, समोरच्या कप्प्यात ठेवीन. फक्त एक सांगतो, आबा. भाव करताना मी तुमच्यासारखंच तोंड पाडलं, दाराच्या रंगाचा विषय काढला, टायरची झीज दाखवली. तो नुसता हसत खाली पाहत राहिला, आणि त्याने एक रुपया सोडला नाही. पाहिलं तर माझा हात कधीचा बोनेटवरून फिरत होता. मग मीही तो काढला नाही.