तीन फेब्रुवारीचा क्लेमाँ

सेंत-ओडील, आबितिबी
९ फेब्रुवारी १९७७

चिरंजीव क्लेमाँ यास आईचे पोटभर आशीर्वाद.

आम्ही सगळे बरे आहोत. तूही बरा असशीलच, कारण शनिवारी टीव्हीवर पाहिलं तेव्हा गाल वर आलेले दिसले. बाबा म्हणतात ते गाल नाहीत, कुणाच्या तरी कोपराची सूज आहे. तुझ्या बाबांना कुठलीच गोष्ट गोड करून सांगता येत नाही, हे तुला ठाऊकच आहे.

थंडी यंदा हटायचं नाव घेत नाही. पंप पुन्हा गोठला. तांबडी व्याली, कालवड झाली. जनीन मावशीचं लग्न एकदाचं जमलं. नवरा खाणीत आहे, कान जरा मोठे आहेत, पण मावशीची बडबड ऐकायची म्हणजे ते लागणारच. शनिवारी तुझा हॉकीचा सामना असला की अर्धं गाव आपल्या स्वयंपाकघरात असतं. येताना कुणी काही आणत नाही, जाताना माझं खिमा भरून भाजलेलं टुर्तिएर मात्र चाटूनपुसून संपवून जातात. पुढची खुर्ची आजीची. निवेदकाने तुझं नाव आणि जन्मतारीख सांगितली की ती टाळ्या वाजवते आणि म्हणते, "वाचला गं पोरगा." तिचं वय झालं आता. आम्ही तिला काही सांगायला जात नाही.

मॉन्ट्रियलच्या पेपरात तुझा वाढदिवसाचा फोटो आला. केवढा केक आणि त्यावर एकवीस मेणबत्त्या. बाबांनी कात्रण कापून सहकारी दुकानात लावलं. लोक येतात, बघतात, "एकवीस झाला का!" म्हणतात आणि आपलं पीठमीठ घेऊन जातात. केक चॉकलेटचा होता का? तुला चॉकलेट आवडत नाही, हे तिथं कुणाला माहीत नसेल. नोव्हेंबरात मी मेपलच्या साखरेचा टार्ट केला होता. पडदे ओढून आम्ही तिघांनी खाल्ला. बाबा म्हणाले, शेजाऱ्यांना कशाला वास.

बाकी एक बातमी. त्याच पेपरचा माणूस चोवीस तारखेला, गुरुवारी, इथं येणार आहे. त्याला तुझी शाळा पाहायची आहे, तू पहिल्यांदा स्केट बांधलेस ते तळं पाहायचं आहे, आणि माझ्याशी बोलायचं आहे. बाबा चार दिवस त्याला कुठून कुठं न्यायचं याच विचारात आहेत. चर्चच्या मागच्या बाजूला न्यायचं नाही, एवढं ठरलंय.

डोकं दुखतं असं तू मागे म्हणाला होतास, त्याचं काय झालं? तुला ज्याने आपटलं तो बत्तीस वर्षांचा आहे म्हणे. टोपी घालत जा. बर्फात ओल्या केसांनी बाहेर पडू नकोस.

तुझी आई

*

सेंत-ओडील
१५ फेब्रुवारी १९७७

बाळा,

टपाल आठवडा खातं, म्हणून हे पत्र आपल्या गावच्या रोसारियोच्या हाती देते. लाकडाचा ट्रक घेऊन तो तिकडेच येतोय, शुक्रवारी तुला गाठेल. त्याला जेवू घाल, आणि पत्र तो गेल्यावर वाच.

परवा फोनवर तू हसत होतास. शनिवारी तू पडलास, बर्फावर पडून राहिलास, ते आम्ही सगळ्यांनी पाहिलं होतं. तू म्हणालास, काही नाही गं आई, डॉक्टरने बोटं मोजायला लावली, जन्मतारीख विचारली, मी ताडकन तीन फेब्रुवारी छप्पन सांगितली, तो म्हणाला डोकं शाबूत आहे. मी विचारलं, खोटी तारीख तुला इतकी पटकन कशी सुचली? मग म्हणालास, "आई, खरं सांगू? दुसरी आठवलीच नाही."

तेव्हापासून माझ्या हाताला चैन नाही. पावाचं पीठ मळताना मीठ घातलं की नाही ते कळत नाही. म्हणून लिहायला बसले.

आणखी एक सांगते, मग मूळ गोष्टीकडे येते. तू पडलास तेव्हा निवेदक म्हणाला, एकवीस वर्षांचा दणकट गडी आहे, उठेल. स्वयंपाकघरात कुणी हलेना. मग तू उठलास, आणि आजी माझा हात धरून म्हणाली, "थोरला उठला बघ. पण धाकटा कुठंय गं? बरेच दिवस दिसला नाही." मागून कुणीतरी हसलं. मला हसू आलं नाही. मी भांडी घासायला उठले आणि पाणी सोडून तशीच उभी राहिले.

तुझ्या भावाबद्दल मी तुझ्याशी कधी नीट बोलले नाही. थडगं तू पाहिलं होतंस, नाव वाचलं होतंस, तेवढंच. सहा वर्षांचा असताना तू एकेका गोळीच्या बदल्यात पोरांना तिथं न्यायचास आणि सांगायचास, "बघा, मी इथं पुरलेला आहे." मी छडी घेऊन धावले होते. आठवतं?

तो तीन फेब्रुवारीचा. दोन वर्षांचा होता होता डांग्या खोकल्याने गेला. जमीन लोखंडासारखी, कुदळ चालेना. हिवाळ्यात गेलेल्यांचं आपल्याकडे जे करतात तेच त्याचं केलं, चर्चमागच्या दगडी खोलीत पेटी ठेवली. मे महिन्यापर्यंत तो तिथं होता. रविवारी मी त्या दारावरून जायची, आणि माझ्या मनात एकच यायचं, की पांघरूण पातळ घातलं. वेडेपणा आहे, मला कळत होतं. पण यायचं. माती सैल झाल्यावर त्याला पुरला तेव्हा तू माझ्या पोटात होतास. तू नोव्हेंबरात आलास आणि आजी म्हणाली, नाव वाया घालवू नका, देवाने परत धाडलाय त्याला. आपल्याकडे घरोघरी असंच करतात, कुणाला त्यात वावगं वाटत नाही. मलाही बरं वाटलं. जिभेला त्याच हाकेची सवय होती.

आता दुकेतची गोष्ट, गेल्या वर्षीची. तू तिथं होतास, पण सगळा वेळ बुटांकडे बघत होतास, म्हणून मी पाहिलं ते सांगते. पोरं हेरत फिरणारा तो माणूस खाणीच्या संघात तुला पाहून वेडा झाला होता. दर रविवारी यायचा, बाबांना सिगार द्यायचा, माझ्या सूपाची तारीफ करायचा, आणि हळहळायचा. जूनमध्ये सगळे क्लब आळीपाळीने पोरं निवडतात, पण वीस पूर्ण नसेल त्याचं नाव घेता येत नाही. तुला अजून तीन वर्षं होती. "तीन वर्षांत सगळ्या जगाला हा कळेल, मॅडम बिलोदो," तो म्हणायचा, "आणि माझ्या क्लबची पाळी यायच्या आत कुणीतरी याला उचलेल. आज याला फक्त मी ओळखतो."

तरीही, पुढे लागेल म्हणून, त्याने तुझ्या बाप्तिस्म्याचा उतारा, म्हणजे जन्माचा दाखला, मागितला. बाबा चर्चमध्ये गेले. तिथल्या बेर्तबाईंनी जुनी वही उघडली आणि पहिला जो क्लेमाँ बिलोदो सापडला तो उतरवून दिला. फादर तांगेंनी न वाचता सही केली, त्यांना तसंही दिसत नाही. बाबांनीही घडी उघडली नाही. दुकेतने आपल्या टेबलावर ती उघडली आणि त्याचा चेहरा पाहण्यासारखा झाला. म्हणाला, "अरे, हा तर वीस पूर्ण आहे! मग माझी गंमत करत होता होय इतके दिवस?"

एवढंच झालं. खोटं कुणी बोललंच नाही. बाबांनी तुझ्याकडे पाहिलं, तू माझ्याकडे पाहिलंस, आणि मी दुकेतला विचारलं, अजून सूप वाढू का. तुझे डोळे तेव्हा कसे चमकत होते, क्लेमाँ. तुझ्या तोंडचा घास मी कसा काढणार होते? मला वाटलं, त्या बिचाऱ्याचा एक कागद धाकट्याच्या उपयोगी पडला तर काय बिघडलं. भावाने भावाला जुना कोट द्यावा तसं.

तू त्यानंतर अंगणात मित्रांना सांगायला पळालास. दुकेत निघाला, आणि थोड्या वेळाने परत आला. बुटांना कब्रस्तानातली माती होती. टोपी हातात धरून दारातच उभा राहिला. "मॅडम, लाकडी क्रूस फार टिकत नाहीत हो," तो म्हणाला. "दोन-चार हिवाळ्यांत कुजतात, पडतात. पडला तर कुणी विचारतही नाही." म्हणजे त्याला सगळं कळलं होतं, आणि आम्हाला कळलंय हेही त्याला कळलं होतं. सूपाबद्दल आभार मानून तो गेला.

तू ऑगस्टमध्ये गेलास त्याच आठवड्यात बाबांनी क्रूस उपटून आणला. मला वाटलं गोठ्यात ठेवतील. त्यांनी तो चुलीत घातला. त्या दिवशीचा पाव मी खाल्ला नाही. ते वाईट आहेत असं समजू नकोस. ते भीतीने करत होते, आणि आता बोलतही नाहीत. गावही बोलत नाही. सगळ्यांना ठाऊक आहे, पण तू आपला पोरगा, टीव्हीवर दिसतोस, मग कोण तोंड उघडणार?

शनिवारचा सामना झाल्यावर, रविवारी प्रार्थना संपली तशी मी मागे गेले. तुझ्या फोनच्या आधीची गोष्ट. कमरेपर्यंत बर्फ. तो कुठं आहे ते मला सापडलं नाही. कुंपणापासून अमुक, त्या झाडापासून तमुक, मी सगळं करून पाहिलं. माझ्या हाताने पुरलेला पोरगा, आणि आई असून मला जागा सांगता येईना. घरी आले तर तुझा फोन, आणि तू म्हणालास दुसरी तारीख आठवली नाही. तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली की आजीचंच खरं. थोरला खेळतोय, केक कापतोय, आणि कुठंतरी न सापडणाऱ्या जागी आम्ही धाकट्याला पुरून ठेवलंय.

तू अठरा वर्षांचा आहेस. तुझी हाडं अजून वाढतायत. तिथं बत्तीस वर्षांचा माणूस तुला भिंतीवर आपटतो तेव्हा त्याच्या मनात येतं, हा एकवीसचा आहे, सोसेल. डॉक्टरच्याही मनात तेच येतं. कुणी हात आखडता घेत नाही, कारण त्यांच्यासमोर तू नाहीसच.

मी बाबांना काल सांगितलं की चोवीसच्या गुरुवारी मी पेपरवाल्याला खरं सांगणार. ते म्हणाले, अजून दोनच वर्षं, मग खरं वयही वीस होईल, कोण पाहतंय. मी नाही म्हटलं. तेव्हा ते म्हणाले, "एकाला तू वाचवू शकली नाहीस. आता दुसऱ्याला स्वतःच्या हाताने बुडव." असं ते आजवर कधी बोलले नव्हते. बोलून स्वतःच खाली बसले. आज सकाळी न जेवता लाकडं फोडायला गेले, आणि सरपण गरजेपेक्षा जास्त झालंय तरी फोडतच आहेत.

काय होईल ते मला माहीत आहे. क्लब हात झटकेल. दुकेत म्हणेल, मला फसवलं. तुला कदाचित कधीच खेळू देणार नाहीत, आणि खेळ सोडून तुला दुसरं काही येत नाही, हे मला तुझ्यापेक्षा जास्त कळतं. तू माझं तोंड पाहणार नाहीस, असंही होईल. हे सगळं मनात धरूनच लिहिते आहे. तुला मुद्दाम आधी कळवते, कारण गुरुवारच्या आत तू स्वतः जाऊन सांगितलंस तर ते तुझ्या तोंडून होईल. आईने सांगण्यापेक्षा ते बरं. आणि सांगितलंस तर त्या डॉक्टरला पुन्हा एकदा डोकं दाखव, खरी तारीख सांगून.

फादर तांगेंकडे गेले होते. सगळं ऐकल्यावर ते एवढंच म्हणाले, "मी वर्षभर तुझी वाट पाहत होतो." मी म्हटलं, मग तुम्हीच का नाही बोललात? येत्या रविवारी ते गेलेल्या लहानग्या क्लेमाँसाठी नाव घेऊन प्रार्थना म्हणतील. गाव ऐकेल तर ऐकेल.

त्या पेपरवाल्याला मी सूप वाढीन. तो वही काढेल आणि पहिलं हेच विचारेल, मॅडम, मुलगे किती? गेलं वर्षभर या प्रश्नाला मी "एक" म्हणत आले, आणि दर वेळी कुठल्या तरी एकाला घराबाहेर उभं करत आले. आता तसं म्हणणार नाही.

रागाव, हवं तितकं रागाव, पण ये. मोठा होऊन नको येऊस. अठरा वर्षांचा आहेस तसाच ये.

दोघांनाही घरात घेऊ पाहणारी,
क्लेमाँची आणि क्लेमाँची
आई