घाणेरीचा आडोसा

प्रिय काकी,

काल आपल्या न्हाणीमागची घाणेरीची जाळी तोडली. पार बुडापासून. तू गेल्यावर इतके महिने ती तशीच उभी होती, तिला हात लावायला कुणाला सवड मिळाली न्हाई. आणि काल एका सकाळीत सगळी साफ. का, ते घरात बोलायला गेलं की भांडण होतंय, म्हणून तुलाच लिहितेय.

गाईला ताप आला, काकी. तुझ्या कपिलीला.

तुला आला तेव्हा न्हाई तोडली. तिला आला, तोडली.

जनावरांचे डॉक्टर आंबवड्याहून आले. त्यांनी गाईच्या कानात, शेपटीखाली चाचपून बघितलं आणि म्हणाले, नुसती गाईवर फवारणी करून काय उपयोग? गोचीड अंगावर येतो तो रक्त प्यायला. अंडी घालायला खालीच उतरतो, गोठ्याच्या भेगांत, गडग्याच्या दगडांत, पाचोळ्यात. भेगा लिंपा, गोठाही फवारा, घराला लागून असलेलं झुडूप काढा. नानांनी, तुझ्याच नवऱ्यानं, मान डोलावली आणि डॉक्टर फटफटीवर बसायच्या आत कोयत्याला धार लावायला घेतली.

हेच सगळं मी गेल्या पावसाळ्यात सांगत होते ना? पण मी पडले पुस्तकात वाचून सांगणारी. माझे वडील असून दादाच म्हणाले होते, आपली हयात गेली गोचीड काढण्यात, कोण मेलं?

तूही हसलीस तेव्हा. तू तर गोचीड नखावर नख ठेवून चिरडायचीस आणि पदराला हात पुसायचीस. मी ओरडले की म्हणायचीस, "भोरला शिकाया धाडली, तर आमालाच शाळा शिकवती." घाणेरी तोडू म्हटलं तेव्हा मात्र हसली न्हाईस.

"आडोसा हाय तो," म्हणालीस. "तोडल्यावर बायांनी न्हायाचं कुठं? देवळाच्या पायरीवर?"

तुझंही खरंच होतं. आपली न्हाणी म्हणजे एक फरशी, तिन्ही बाजूंनी उघडी. मागून रस्ता. त्या झुडपात शेळ्या घुसायच्या, कुत्री लोळायची, आणि त्याच्याच फांदीवर तू बदलायची साडी टाकायचीस. भिंत बांधा म्हटलं, तर नाना म्हणाले, सुगी झाल्यावर बघू. कुठली सुगी, ते सांगितलं न्हाई. गोठ्याला मात्र त्याच वर्षी नवे पत्रे आले!

मग तुला ताप भरला. डोकं फुटतंय म्हणायचीस. भोरच्या दवाखान्यात डॉक्टरांनी नीट विचारलं होतं, काकी. अंगावर कुठं गोचीड, किडा काही चावलंय का? खाटेच्या एका बाजूला नाना, पायथ्याशी दादा. थोरल्या दिरासमोर तू पदर पुढं ओढलास आणि म्हणालीस, "न्हाई."

का गं? मांडीच्या वरच्या अंगाला गोचीड चावल्याची काळी खपली धरलेली, ती रोज न्हाताना तुझ्या हाताला लागत असणार की. पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात कपडे बदलताना नर्सला ती दिसली. तोवर तळपायांपर्यंत पुरळ उतरलं होतं आणि तू कुणाला ओळखत न्हवतीस. वेळेत कळलं असतं तर हा ताप साध्या गोळ्यांनी उतरतो, असं तिथले डॉक्टर म्हणाले. साध्या गोळ्यांनी. हे वाक्य घेऊन मी कुठं जाऊ?

तुझा राग येतो मला. गेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात, पण येतो. मग वाटतं, दोन पुरुष खाटेला चिकटून उभे असताना कुठली बाई मांडीवरचं सांगेल? विचारणाऱ्यानं विचारलं. तुला उत्तर द्यायला जागाच कुणी ठेवली न्हाई.

आणि आता काय झालंय बघ. घाणेरी गेली, गोठा लिंपला, गाय उठून वैरण खातेय. आज सकाळी तुझी सून बादली घेऊन मागं गेली आणि तशीच परत आली. रस्त्यानं दुधाचा टेम्पो चालला होता. ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला. एकदा न्हाई, दोनदा.

वैनीनं बादली चुलीशी ठेवली. "जाऊ द्या ओ ताई," म्हणाली, "उद्यापासनं अंधारातच उरकीन."

तिचा आवाज अगदी तुझ्यासारखा वाटला. मला ते सहनच झालं न्हाई.

मी जाऊन वैरणीवरची ताडपत्री खाली ओढली. वैनी आधी नको नको म्हणत होती, मग तिनंच दुसरं टोक धरलं. आम्ही न्हाणीच्या चार कोपऱ्यांना मेढी रोवल्या आणि ताडपत्री गोल फिरवून सुतळीनं आवळली. दादा ओट्यावरून बघत होते.

"अगं, वळीव कवाबी यील. वैरण भिजंल. गाय काय खाईल?"

"मग भिंत बांधा," मी म्हणाले.

दादांच्या शेजारी बसलेले नाना उठले, न्हाणीपाशी गेले, त्यांनी ताडपत्रीला हात घातला. मला वाटलं, सोडतायत. त्यांनी एक ढिली गाठ आवळली आणि खाली मान घालून परत फिरले.

मला रडू न्हाई आलं, काकी. संतापच आला. एवढंच करायचं होतं ना?

वैनी बराच वेळ न्हात होती. पाण्याचा आवाज येत होता आणि आम्ही तिघं अंगणात एकमेकांकडं न बघता बसलो होतो.

तुला शब्द देते. विटांची भिंत उभी राहीस्तोवर ती ताडपत्री कुणालाही काढू देणार न्हाई, वैरण भिजली तरी. न्हाणीभोवतीचा पाचोळा दर रविवारी येऊन मी खरडीन. आणि ह्या घरातल्या कुठल्याही बाईला ताप आला, तर आधी पुरुषमाणसं बाहेर जातील. दादा असोत, नाना असोत. मगच डॉक्टरांनी काय ते विचारायचं.

तुझी, तुझ्यावर अजून रागावलेली,
शीतल