खडूची रेघ

प्रिय ठमे,

परवा निघताना तू विचारलंस, "आई, ओट्यापासून एवढी लांब का उभी राहतेस?" मी म्हटलं, तुझ्या इंडक्शनला जावयासारखा मान देते, लांबूनच. तू हसलीस आणि विषय टळला. पण खरं सांगू, मला त्याची भीती वाटते. रोज, दोन्ही वेळच्या स्वयंपाकाला.

तू गॅस काढून ते बसवून दिलंस तेव्हा बरं वाटलं होतं. जाळ नाही, बाही पेटायची धास्ती नाही, दूध उतू गेलं तरी फडकं फिरवलं की झालं. आता मात्र लांब दांड्याचा डाव घेऊन हात ताणून ढवळते आणि जीव मुठीत धरून बटण दाबते. ओट्यासमोरच्या फरशीवर खडूची रेघ आहे ना, ती तुला कापड बेततानाची वाटली. मी टेपने मोजून आखलीय, शेगडीपासून बरोबर दोन फूट. जन्मभर लोकांची मापं घेतली, आता स्वतःचं घेते.

गेल्या थंडीत मी तुला मावशीकडे आठवडाभर जाते म्हणाले, तेव्हा मी हॉस्पिटलात होते. हृदयाचे ठोके चुकायला लागले होते. डाव्या खांद्याखाली पेसमेकर बसवलाय, काडेपेटीएवढा. डॉक्टरीणबाईंनी बजावलं, इंडक्शन वापरा, पण छाती दोन फूट लांब ठेवा, त्याच्या चुंबकाने पेसमेकर बिघडू शकतो. तुझी नोकरी नवी, लेकरू लहान, तुला कशाला घोर, म्हणून मावशीला शपथ घातली. गॅस परत मागितला असता तर कारण सांगावं लागलं असतं.

रविवारी तू आंघोळीला गेलीस तेव्हा दूध तापत होतं. तुझ्या चिंगीने स्टूल ओढलं, वर चढली आणि भांड्याच्या दांड्याला हात घातला. मी रेघेवर उभी होते. ठमे, माझे पाय हलले नाहीत. सुईत दोरा ओवायला लागतो तेवढा वेळ मी नुसती बघत राहिले. मग धावले, शेगडीवर ओणवी होऊन तिला उचललं. तिला काही झालं नाही, मलाही नाही. तू आलीस तेव्हा ती माझ्या कडेवर हसत होती आणि मी दूध बघायच्या निमित्ताने तोंड फिरवलं.

पुढच्या महिन्यापासून तू तिला सहा महिने माझ्याकडे ठेवणार आहेस. "तुझ्याजवळ असली की मी निर्धास्त," असं म्हणालीस, म्हणून हे लिहितेय. शेगडीची भीती परवडली, तिला निदान माप आहे. मला आता माझीच भीती वाटते. तेवढ्या वेळात मी तुझ्या लेकीच्या आधी माझा जीव बघितला. हे वाच आणि मग ठरव. तिला नाही आणलंस तरी मी रागावणार नाही.

तुझीच, घाबरट
आई